विश्लेषण : पत्रा सडका, पण कागदपत्रे चोख! ब्रिटनमध्ये ‘किट कार’साठी जुनी गाडी कशी निवडतात?

घराच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हाताने कार बांधण्याचा छंद ब्रिटनमध्ये सहा दशकांहून अधिक काळ टिकून आहे. अशा कारचा सांगाडा नवा असतो. पण इंजिन, गिअरबॉक्स, स्टीअरिंग, ब्रेक हे भाग बहुतेकदा एखाद्या जुन्या गाडीतून काढलेले असतात. या जुन्या गाडीला ‘डोनर’ म्हणजे दाता गाडी म्हणतात. जुन्या, दुरुस्त केलेल्या आणि बदल केलेल्या वाहनांच्या नोंदणीचे नियम ब्रिटनने २६ ऑगस्ट २०२५ पासून बदलले. दुसरीकडे, डोनर म्हणून वापरता येतील अशा गाड्या झपाट्याने भंगारात जात आहेत. त्यामुळे कोणती जुनी गाडी घ्यायची, हा प्रश्न आता केवळ इंजिनाच्या ताकदीचा राहिलेला नाही. तो कसा सोडवला जातो आणि भारतात असे काही शक्य आहे का, याचा हा आढावा.

किट कार म्हणजे नेमके काय?

किट कार म्हणजे सुट्या भागांच्या रूपात विकली जाणारी कार. किट बनवणारी छोटी कंपनी ग्राहकाला पोलादी नळ्यांचा सांगाडा, फायबरग्लास किंवा अ‍ॅल्युमिनियमचे बाह्यांग आणि जोडणीचे काही भाग देते. उरलेली यंत्रणा ग्राहकाने मिळवायची असते. सगळे भाग नवे घेतले तर खर्च प्रचंड वाढतो. म्हणून एक चालती जुनी गाडी विकत घेऊन ती पूर्ण उकलली जाते आणि तिचे अवयव नव्या सांगाड्यात बसवले जातात.

एकाच गाडीतून जवळपास सगळे भाग घेण्याच्या पद्धतीला ‘सिंगल डोनर’ म्हणतात. एका गाडीचे इंजिन, दुसरीचा गिअरबॉक्स आणि तिसरीचा मागचा अ‍ॅक्सल अशी जुळवाजुळवही करता येते. मात्र प्रत्येक जोडणीला वेगळा अ‍ॅडाप्टर, वेगळा शाफ्ट आणि वेगळे वायरिंग लागते. नवख्या माणसाचा प्रकल्प बहुधा इथेच अडकतो. म्हणूनच अनुभवी मंडळी पहिल्या कारसाठी सिंगल डोनरचाच सल्ला देतात.

हा छंद ब्रिटनमध्येच इतका का रुजला?

याचे मूळ करप्रणालीत आहे. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ मध्ये ‘लोटस सेव्हन’ ही दोन आसनी, अत्यंत हलकी कार बाजारात आणली. त्या काळी पूर्ण तयार कारवर खरेदी कर होता, सुट्या भागांच्या संचावर तो नव्हता. साहजिकच अनेकांनी ही कार सुट्या भागांत घेऊन घरी जोडली. १९७३ मध्ये मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी लोटसने सेव्हनचे हक्क केटरहॅमला दिले. कराचा फायदा गेला, पण स्वतः गाडी बांधण्याची सवय राहिली.

या छंदाला दुसरी उभारी १९९६ मध्ये मिळाली. रॉन चॅम्पियन यांचे अवघ्या २५० पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार कशी बांधावी, हे सांगणारे पुस्तक त्या वर्षी हेन्सने प्रकाशित केले. त्यात किटदेखील विकत घ्यायचे नव्हते. सांगाडाही स्वतःच वेल्डिंग करून बनवायचा होता. डोनर होती जुनी फोर्ड एस्कॉर्ट. तेव्हा ब्रिटनमध्ये ती कवडीमोलाने मिळत असे. पुस्तकाच्या शीर्षकातला स्वस्ताईचा सगळा दावा या एका गोष्टीवर उभा होता.

एस्कॉर्ट मागे का पडली?

लोटस सेव्हनच्या धाटणीच्या कारमध्ये इंजिन पुढे उभे म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसते आणि मागची चाके गाडी ओढतात. त्यामुळे डोनरची रचनाही तशीच असणे सोयीचे. १९७० च्या दशकातील एस्कॉर्ट तशी होती. मात्र १९८० मध्ये फोर्डने एस्कॉर्टची पुढची चाके चालवणारी नवी पिढी आणली. मागच्या चाकांनी चालणाऱ्या एस्कॉर्टचा नवा पुरवठा तिथे थांबला.

त्यानंतर किट कार बांधणाऱ्यांनी फोर्ड सिएराकडे मोर्चा वळवला. १९८२ ते १९९३ या काळात विकल्या गेलेल्या सिएरात मागच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन होते, म्हणजे एस्कॉर्टच्या एकसंध अ‍ॅक्सलपेक्षा एक पायरी पुढे. २००७ मध्ये ख्रिस गिब्ज यांनी लिहिलेले हेन्सचे नवे पुस्तक याच सिएरावर बेतले होते. पण १९९३ मध्ये सिएराच्या जागी आलेली माँडिओही पुढच्या चाकांनी चालणारी निघाली. सामान्य कुटुंबाच्या बजेटमधली, मागच्या चाकांनी चालणारी गाडी बाजारातून जवळपास नाहीशी झाली.

दरम्यान एस्कॉर्टचे नशीब उलटे फिरले. रॅलीच्या इतिहासामुळे ती ‘क्लासिक’ ठरली आणि तिच्या खास आवृत्त्या हजारो पौंडांना विकल्या जाऊ लागल्या. आज धड अवस्थेतली एस्कॉर्ट किट कारसाठी उकलणे म्हणजे सोन्याचा दागिना मोडून पितळेचा करण्यासारखे आहे.

आता पसंती कोणाला?

माझदा एमएक्स-५ ला. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या वाहन प्रदर्शनात सादर झालेली ही दोन आसनी कार जगभर खपली. एप्रिल २०१६ मध्ये तिच्या उत्पादनाने १० लाखांचा टप्पा गाठला. तिचे इंजिन पुढे उभे बसवलेले आहे, ती मागच्या चाकांनी चालते आणि चारही चाकांना दुहेरी विशबोनचे स्वतंत्र सस्पेन्शन आहे. किट कारला जे हवे, ते सगळे एकाच गाडीत. ‘एक्झोसेट’सारखी किट तर पहिल्या दोन पिढ्यांतील एमएक्स-५ डोळ्यांसमोर ठेवूनच तयार झाली. गाडीचे बाह्यांग उचलून बाजूला काढायचे आणि खालची यंत्रणा नव्या नळीच्या सांगाड्याला जोडायची, अशी तिची पद्धत.

गणितही सोपे आहे. पहिल्या पिढीतील १.६ लिटरची एमएक्स-५ सुमारे ११५ अश्वशक्तीची आणि साधारण ९५० किलो वजनाची. म्हणजे दर टनामागे सुमारे १२० अश्वशक्ती. तेच इंजिन ६०० किलोच्या किट कारमध्ये बसवले की हा आकडा १९० च्या आसपास जातो. इंजिनाला हातही न लावता गाडीचा वेग आणि चपळाई बदलते.

पण एमएक्स-५ निवडण्याचे सर्वांत मोठे कारण तिचा दोष आहे. दारांखालच्या पोकळ पट्ट्या आणि मागच्या चाकांवरच्या कमानी यांना ब्रिटनच्या ओल्या, हिवाळ्यात मीठ पसरलेल्या रस्त्यांवर गंज चढतो. हा गंज काढून पत्रा बदलण्याचा खर्च गाडीच्या किमतीहून जास्त होतो. इंजिन, गिअरबॉक्स मात्र अजून ठणठणीत असतात. गाडी म्हणून ती संपलेली असते, डोनर म्हणून उत्तम.

गाडी निवडताना काय पाहिले जाते?

पहिली पायरी घरबसल्या होते. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी ‘एमओटी’ ही रस्तायोग्यता चाचणी करावी लागते. तिचे निकाल सरकारी संकेतस्थळावर गाडीच्या क्रमांकावरून कुणालाही विनामूल्य पाहता येतात. धावलेले मैल, नापास होण्याची कारणे, तपासनीसाने दिलेले इशारे हे सगळे त्यात असते. पत्र्याच्या गंजामुळे नापास, पण प्रदूषण चाचणीत पास, असा शेरा दिसला की किट कार बांधणाऱ्याचे लक्ष तिथे थांबते. याउलट पत्रा चकचकीत, पण धूर सोडणारी गाडी त्याच्या उपयोगाची नसते.

दुसरी पायरी म्हणजे गाडी प्रत्यक्ष चालवून पाहणे. बंद पडलेली गाडी स्वस्त मिळते, पण तिच्या गिअरबॉक्समध्ये, डिफरन्शियलमध्ये किंवा वायरिंगमध्ये काय दडले आहे ते कळत नाही. उकलण्यापूर्वी गाडी गरम होईपर्यंत चालवणे, सगळे गिअर टाकून पाहणे, इंजिनाचे कॉम्प्रेशन मोजणे ही कामे एका दुपारची. पण त्यामुळे पुढचे कित्येक महिने वाचतात. नव्या सांगाड्यात बसवल्यानंतर इंजिन सुरू झाले नाही, तर दोष इंजिनाचा की स्वतःच्या जोडणीचा, हे तरी नक्की कळते.

तिसरी पायरी बारकाव्यांची. एकाच नावाच्या दोन गाड्या आतून सारख्या असतीलच असे नाही. १९९१ पूर्वीच्या काही १.६ लिटर एमएक्स-५ मध्ये क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाला, म्हणजे पुली बसते तिथे, झीज होण्याची तक्रार सर्वश्रुत आहे. १९९५ नंतर ब्रिटनमध्ये विकलेल्या १.६ मध्ये इंजिनाची ताकद कमी करून सुमारे ९० अश्वशक्तीवर आणली होती. नंतर आलेल्या १.८ लिटरच्या गाडीत डिफरन्शियल मोठे आणि मजबूत आहे. जाहिरातीत या तिन्ही गाड्या ‘जुनी एमएक्स-५’ एवढ्याच नावाने दिसतात.

चौथी बाब विम्याची. अपघातात विमा कंपनीने निकाली काढलेल्या गाड्यांचे ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०१७ पासून ए, बी, एस आणि एन असे चार वर्ग आहेत. ‘ए’ वर्गातील गाडी भागांसकट नष्ट करायची असते. ‘बी’ वर्गातील गाडीचे भाग वापरता येतात, पण सांगाडा चिरडावा लागतो. ‘एस’मध्ये सांगाड्याला मार बसलेला असतो, ‘एन’मध्ये तसा नसतो, या दोन्ही गाड्या दुरुस्तीनंतर रस्त्यावर परतू शकतात. सांगाडा तसाही फेकायचाच असल्याने ‘एस’ वर्गातील गाडी डोनर म्हणून स्वस्तात पदरात पडते. फक्त धक्का सस्पेन्शनपर्यंत किंवा स्टीअरिंग रॅकपर्यंत पोहोचलेला नाही, याची खात्री करावी लागते.

कागदपत्रांना इतके महत्त्व का?

ब्रिटनमध्ये वाहन नोंदणीचे काम ‘डीव्हीएलए’ ही यंत्रणा पाहते. किट कारला कोणता क्रमांक मिळणार, हे डोनरवरून ठरते. किट उत्पादकाचा नवा सांगाडा आणि मूळ गाडीतील किमान दोन प्रमुख भाग वापरले असतील, तर नव्या कारला डोनरच्या वयानुसार क्रमांक मिळू शकतो. दोन भागही एकाच गाडीतील नसतील किंवा ते कोणत्या गाडीचे आहेत हे सिद्ध करता आले नाही, तर ‘क्यू’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक मिळतो. या वाहनाचे वय किंवा ओळख निश्चित नाही, असा त्याचा अर्थ. हा क्रमांक पसंतीचा क्रमांक लावून झाकताही येत नाही. गाडी विकताना खरेदीदाराला तो पहिल्या नजरेत दिसतो.

त्यामुळे डोनरची नोंदणी पुस्तिका, म्हणजे ‘व्हीफाइव्हसी’, इंजिनाइतकीच मोलाची. पुस्तिकेशिवाय मिळणारी गाडी कितीही स्वस्त असली, तरी ती डोनर म्हणून महागच पडते. पुस्तिकेतील इंजिन क्रमांक आणि प्रत्यक्ष इंजिनावरचा क्रमांक जुळतो का, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे लागते. चोरीच्या गाडीचे भाग ‘घरी बांधलेली कार’ म्हणून खपवले जाऊ नयेत, हा या काटेकोरपणामागचा हेतू आहे.

तपासणी कोणती होते?

किट कार रस्त्यावर आणण्यापूर्वी ‘आयव्हीए’ म्हणजे एकेका वाहनाची स्वतंत्र मंजुरी घ्यावी लागते. कंपनीत बनलेल्या गाड्यांच्या एका नमुन्याला मंजुरी मिळाली की पुढच्या हजारो गाड्यांना ती लागू होते. आयव्हीएमध्ये समोर असलेली ती एकच कार तपासली जाते. ब्रेक, स्टीअरिंग, दिवे, आरसे, आसनपट्टे, आवाज, धूर सगळे पाहतात. पादचाऱ्याला इजा होऊ नये म्हणून बाहेरच्या कडांना किमान २.५ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई हवी, इथपर्यंत नियम आहेत.

इथेही डोनर आडवी येते. धुराची मर्यादा ठरवताना इंजिन कोणत्या काळातले आहे, हे पाहिले जाते आणि त्याचा पुरावा मालकाने द्यायचा असतो. जुन्या इंजिनाला सैल मर्यादा, नव्याला कडक. शिवाय ब्रेकचा प्रश्न असतो. डोनरचे ब्रेक ९५० किलोच्या गाडीसाठी आखलेले असतात. ६०० किलोच्या गाडीत पुढच्या आणि मागच्या चाकांवरचा भार बदलतो. मागची चाके आधी जॅम झाली तर गाडी गरकन फिरते. म्हणून ब्रेकचा तोल पुन्हा साधावा लागतो. छंद म्हणून बांधलेली असली, तरी ही गाडी सार्वजनिक रस्त्यावर धावणार असते, हे या तपासणीचे साधे तत्त्व.

ऑगस्ट २०२५ च्या बदलांनी काय साधले?

या बदलांचा मुख्य रोख जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीवर आहे. मूळ रूप तसेच ठेवून, जसा भाग होता तसाच बसवून केलेल्या दुरुस्तीची माहिती आता डीव्हीएलएला कळवावी लागत नाही. नोंदणी पुस्तिकेतील महत्त्वाचा तपशील मात्र बदललेला नसावा. सांगाड्यात मोठे बदल केलेल्या किंवा विजेवर रूपांतरित केलेल्या गाडीची माहिती द्यावी लागते. पण तिला मूळ चॅसी क्रमांक आणि नोंदणी क्रमांक राखता येतो.

किट कारपुरते बोलायचे, तर याचा परिणाम अप्रत्यक्ष आहे. गंजलेली गाडी कापून-जोडून पुन्हा उभी करणे आता कागदोपत्री सोपे झाले. म्हणजे काल जी गाडी केवळ डोनर म्हणून विकली गेली असती, तिला आज दुरुस्त करून विकणारा ग्राहकही मिळू शकतो. एमएक्स-५ची पहिली पिढी क्लासिक मानली जाऊ लागली आहे. एस्कॉर्टच्या वाटेवर तीही निघाल्याची ही लक्षणे आहेत.

जुन्या गाड्या संपत आहेत का?

पुरवठ्यावर दोन बाजूंनी ताण आहे. पहिला, सरकारी धोरणांचा. २००९-१० मध्ये ब्रिटन सरकारने १० वर्षांहून जुनी गाडी मोडीत काढणाऱ्याला नव्या गाडीवर २,००० पौंडांची सवलत दिली. त्यात जवळपास चार लाख गाड्या भंगारात गेल्या. लंडनमधील ‘यूलेझ’ हे कमी प्रदूषणाचे क्षेत्र २९ ऑगस्ट २०२३ पासून शहराच्या सर्व भागांत लागू झाले. निकषात न बसणाऱ्या गाडीला तिथे दिवसाला १२.५० पौंड मोजावे लागतात. जुनी गाडी मोडणाऱ्यांसाठी अनुदानही ठेवले गेले. शहराची हवा सुधारण्यासाठी हे केले गेले. त्यात डोनर ठरू शकणाऱ्या गाड्याही गेल्या.

दुसरा ताण इलेक्ट्रॉनिक्सचा. १९९० च्या दशकातील इंजिन एका संगणकावर आणि मोजक्या तारांवर चालते. नव्या गाडीत इंजिनाचा संगणक चावीतली चिप, ब्रेकचा संगणक आणि डॅशबोर्ड यांच्याशी सतत बोलत असतो. यातला एक जरी गायब असला, तरी इंजिन सुरू होत नाही. त्यामुळे २०१५ ची गाडी १९९५ च्या गाडीपेक्षा चांगली असली, तरी डोनर म्हणून ती अधिक अवघड ठरते.

विजेवरची गाडी डोनर होऊ शकते का? होते, निसान लीफच्या मोटारी अशा कामासाठी वापरल्या जातात. अडचण वजनाची आहे. सुरुवातीच्या लीफचा २४ किलोवॅट-तासाचा बॅटरीसंच सुमारे ३०० किलोंचा आहे. ज्या किट कारचे सगळे आकर्षण ६०० किलो वजनात आहे, तिला हे ओझे परवडत नाही. केवळ पेट्रोल किंवा डिझेलवर चालणाऱ्या नव्या गाड्यांची विक्री २०३० पासून बंद करण्याचे ब्रिटनचे धोरण पाहता, हा प्रश्न पुढे अधिक तीव्र होईल.

भारतात असे करता येते का?

आवड आणि कौशल्य भारतात कमी नाही. अलिबागजवळ चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हनच्या धाटणीची रोडस्टर बनवली होती. तिच्यात इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन होते. हेच इंजिन अ‍ॅम्बॅसेडरमध्येही बसत असे. मात्र घरी बांधलेल्या एकाच कारला तपासून मंजुरी देणारी, आयव्हीएसारखी सहज उपलब्ध वाट आपल्याकडे नाही. इथली पद्धत उत्पादकाच्या नमुन्याला मंजुरी देण्याची. पुण्यातील ‘एआरएआय’सारख्या संस्था ते काम करतात.

जुन्या गाडीत बदल करण्याचीही मुभा मर्यादित आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने नमूद केलेल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील प्रकरणात हीच भूमिका ठाम केली. त्याच वर्षीच्या कायदा दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद केली. मान्यताप्राप्त सीएनजी किंवा विद्युत रूपांतर किट हा अपवाद.

सांगली जिल्ह्यातील एका कारागिराने जुन्या गाड्यांचे भाग जोडून छोटी चारचाकी बनवली, तेव्हा डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचे जाहीर कौतुक केले. ही गाडी नियमांत बसत नाही आणि आज ना उद्या अधिकारी ती थांबवतील, हेही त्यांनी त्याच वेळी लिहिले. तिच्या बदल्यात त्यांनी बोलेरो देऊ केली आणि पुढच्या महिन्यात ती दिलीही. कारागिराचा सन्मान झाला, पण त्याच्या गाडीला क्रमांक मिळण्याची वाट काही निघाली नाही.

पुढे काय?

ब्रिटनमधील किट कार बांधणाऱ्यांसमोर आज तीन मार्ग आहेत. गंजलेली एमएक्स-५ अजून परवडते आहे तोवर ती घेणे, महागडे नवे इंजिन विकत घेणे किंवा बॅटरी हलक्या होण्याची वाट पाहणे. पहिला मार्ग सर्वांत स्वस्त, पण तोच सर्वांत आधी बंद होणार आहे. भारतात १५ वर्षांहून जुन्या गाड्यांचा प्रश्न सध्या मोडीत काढण्याच्या धोरणापुरताच मांडला जातो. ब्रिटनचा अनुभव एवढेच सांगतो, की मोडीत निघालेल्या गाडीतील चांगला भाग रस्त्यावर परत आणायचा, तर हौशी माणसाच्या कौशल्याइतकीच भागाची नोंद ठेवणारी पुस्तिका आणि एकेक गाडी तपासणारा अधिकारी यांचीही गरज असते. आपल्याकडे पहिली गोष्ट आहे. उरलेल्या दोन नाहीत.